शेवटचा काप माझा

मी खाली सही करणारा सुतार, वय वर्षे बहात्तर, हे मृत्युपत्र माझ्याच दुकानातल्या बाकावर बसून, कोणी न सांगता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. एकतीस वर्षांपूर्वी ते ठिकाणावर होतं का, याचा दाखला मात्र कोणी देणार नाही. चार वर्षांपूर्वी केलेलं मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करतो. कारण दहा दिवसांपूर्वी मी एक पेटी कापली आणि तेव्हापासून मी हादरलेला आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीला, तिच्या पश्चात मुलाला. मागचं दार दमट हवेत फुगतं. त्याला रंधा मारून देतो, असं मी पत्नीला अकरा वर्षं सांगतो आहे. मुलाने दुसरा सुतार बोलवावा आणि त्याच्यासमोर माझं नाव काढू नये.

२. पेटीबाबत जरा सविस्तर लिहिणं भाग आहे. आमच्या वडिलांच्या कारखान्यात पेटी आधी सहाही बाजूंनी बंद जोडत आणि मग वरचा भाग चौफेर कापून झाकण मोकळं करत. त्यामुळे लाकडाच्या रेषा झाकणापासून तळापर्यंत सलग उतरतात. जोडकाम थोरल्या भावाचं, म्हणजे दादाचं. त्याची करवत चौथ्या बाजूला हमखास वाकडी जाई, म्हणून झाकण मोकळं करणारा हा शेवटचा काप माझा. वीस वर्षं हे असंच चाललं.

मग एकतीस वर्षांपूर्वी वडिलांची बारीक दातांची करवत हरवली. मी लाकडाच्या वखारीत, चार लोकांसमोर, दादाला चोर म्हटलं. तो एक शब्द बोलला नाही, आणि गप्प बसला म्हणजे कबूलच, असं मी धरून चाललो. मी वेगळं दुकान काढलं. दोन महिन्यांनी त्याने हमालाच्या हातून भेट पाठवली: शिसवीची पेटी, हातभर लांब, सहाही बाजूंनी बंद. कापाची रेघ मारलेली, पण काप नाही. माझं पित्त खवळलं. भेट द्यायची आणि तीही अर्धवट! उचलली तर जड लागली, तेव्हा वाटलं, लाकूडसुद्धा ओलंच पाठवलं. "ज्याने अर्धवट टाकलं त्यानेच पुरं करावं," असं म्हणून मी ती बाकाखाली सारली. पुढे तिच्यावर लाकूड चिकटवायच्या सरसाचा डबा ठेवत गेलो. दादा सहा वर्षांपूर्वी वारला. मी त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत फिरलो.

दहा दिवसांपूर्वी त्याची मुलगी आली. तीही सुतारकाम करते. तिला जोड दाबून धरायचा मोठा शिकंजा हवा होता. तो काढायला ती वाकली आणि तशीच थांबली.

"काका, ही अजून बंद?"

"अर्धवट काम आहे ते. तुझ्या बापाचं."

"अर्धवट कसं? शेवटचा काप तुमचा असायचा ना? बाबा तर शेवटपर्यंत म्हणायचे, कापली की येईलच तो."

वीस वर्षं जे काम माझं होतं, ते त्याने माझ्यासाठी ठेवलं होतं, आणि हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

तिने पेटी धरली, मी कापली. आत तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली वडिलांची करवत होती. माझा काप कुठून जाणार हे दादाला पक्कं ठाऊक होतं, म्हणून करवतीला तो लागू नये अशी त्याने ती तळाशी बांधली होती. झाकणाच्या आतून पेन्सिलीने लिहिलं होतं: "धारवाल्याकडे होती. तूच दात लावायला दिली होतीस. मी कुणाला बोललो नाही. काप सरळ आला का, ते येऊन सांग."

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

३. ती पेटी, ती करवत, बाक आणि सगळी हत्यारं पुतणीला. आधीच्या मृत्युपत्रात मी लिहिलं होतं की हत्यारं भंगारात जावीत, पण दादाच्या घरात जाऊ नयेत. हे वाक्य माझ्याच हातचं आहे, याची मला लाज वाटते. पेटीला बिजागऱ्या बसवून लाखेच्या पॉलिशचे सहा हात दिले आहेत. वर सरसाच्या डब्याचे गोल डाग होते. बाकीचे घासून काढले, एक मुद्दाम ठेवला आहे. तो कोणी काढू नये.

४. दादावरचा माझा राग कोणालाही वारशाने मिळू नये. मुलाला तो आयताच मिळाला आहे. चुलत बहिणीशी तो आजवर बोललेला नाही, आणि का, हे त्यालाही सांगता येणार नाही. त्याने तिच्या घरी जावं. माझ्या मरणाची वाट पाहू नये.

५. खरं तेही नोंदवतो. काप सरळ आला नाही. तीन बाजू ठीक गेल्या, चौथीला करवत केसभर वाकडी गेली. झाकण एका कोपऱ्यात जरा उचललेलं राहतं. रंध्याने नीट करून देतो म्हटलं, तर पुतणीने तिथून बोट फिरवलं आणि म्हणाली, "राहू द्या काका. बाबांचा असाच यायचा."

ठिकाण: माझं दुकान. दिनांक: पेटी कापल्यापासून अकरावा दिवस.

सही: सुतार, दादाचा धाकटा भाऊ

साक्षीदार पहिला: समोरचा शिंपी. सही.

साक्षीदार दुसरा: नाक्यावरचा धारवाला. सही. सहीखाली त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे: "करवत माझ्याकडे सव्वा महिना होती. मला कोणी विचारलं नाही. दादांनी तेवढं विचारलं."