पाण्याले न सांगतलेलं नाव

आमगाव, फाल्गुन, १९५४

बाई धुरपता,

तू अन् जावईबापू शिडाच्या जहाजानं मोंबासाले निघाले, त्याले अडीच महिने झाले. चाळीस दिवसांत पोचतो म्हणाले होते. तार नाही, चिठ्ठी नाही. हे पत्र तरी कुठं टाकू, जहाजाले पत्ता नसते.

निघताना माय रडली, तर तू हसून म्हणाली, "पाणी मले ओळखते."

आपल्या घरची रीतच तशी. लेकरू झालं का बाप तलावाच्या पाळीवर, बांधावर, जाऊन त्याचं नाव पाण्याले सांगते, मग पाणी त्याले बुडवत नाही. तू झाली त्या साली तलाव कोरडा होता. पुढं पाणी आलं, पण माझ्याकडून राहून गेलं. तू विचारलं तेव्हा सांगतलं म्हणून खोटं बोललो. ठेसनावरही खरं सांगायची हिंमत झाली नाही.

आज सकाळी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तुमची दोघांची नावं सांगतली. मग ध्यानात आलं, पावसाळ्याआधी हे पाणी पाळीबाहेर जात नाही, समुद्राले कसं पोचन?

म्हणून मी पाणी सोडायचं तुडूम उघडलं. उन्हाळी धानाचं पाणी नाल्यात वाहून राहिलं अन् सारं गाव पाळीवर उभं राहून विचारून राहिलं, काऊन सोडलं?

मी अजून कोणाले सांगतलं नाही.

तुझा भेलेला बाप,
उमराव