उताऱ्याचा कोंबडा आणि माझा वाटा

हे मृत्युपत्र मी दोन वर्षं टाळत आलो. झटका आला की आता मरतोच असं वाटतं, पण तेव्हा हात एवढा कापतो की लिहिता येत नाही. झटका गेला की वाटतं, चोविसाव्या वर्षी कसलं मृत्युपत्र, चहा पिऊ. आज मात्र लिहितोच, कारण आज अमावस्या आहे.

लिहून ठेवणार मी, कानिफनाथ सहादेव, मूळ राहणार मिरजगाव, हल्ली मुक्काम केडगाव, सूर्यभानचं पंक्चरचं दुकान. शिक्षण सातवी नापास. धंदा, मिळेल त्या ट्रकवर क्लीनर. हे मी शुद्धीत, दारू न पिता, कोणाच्या धाकाने नाही असं लिहितो. आमचे थोरले बंधू रंगनाथदादा म्हणतात, "येड्याची सही चालत न्हाई." म्हणून शुद्धीचं आधी निस्तरतो.

नगरच्या डॉक्टरांनी छाती तपासली. म्हणाले, "काळीज ठणठणीत आहे. हा घाबरण्याचा आजार आहे, मरणाचा नाही. आला की त्याच्याशी झगडू नको. पाय जमिनीला टेकव, श्वास हळू सोड. लाट ओसरते." मी विचारलं, माझी सही चालेल का. ते म्हणाले, "तुला काय होतं ते तू मला नीट सांगितलंस. सहीपुरती शुद्ध भरपूर आहे." लाट ओसरते हे खरं. पण ओसरेपर्यंत जे होतं ते डॉक्टरांच्या छातीत होत नाही.

कलम पहिलं. ओढ्याकाठची जिरायत जमीन, माझ्या वाट्याची, धाकटी बहीण चांगुणा हिला. यंदा तिथं कुसळसुद्धा उगवलं नाही, तरी दादांचा तिच्यावर डोळा आहे. चांगुणाचं मूल गेलं, सासरच्यांनी माहेरी आणून सोडली, तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून पडून असते. जेवत नाही, केस विंचरू देत नाही. माझा आजार मला पळवतो, तिचा तिला उठू देत नाही. पण आजारच. दादा, जमीन पेरा नाहीतर पडीक ठेवा, पण तिला डॉक्टरकडे न्या, एवढीच माझी अट.

कलम दुसरं. सायकल सूर्यभानला देणार होतो, पण कोर्टाबाहेरचा टायपिस्ट म्हणाला, साक्षीदाराला काही देता येत नाही. बरं झालं. पायडल त्यानेच मोडलंय आणि कबूल करत नाही. आत्ता मागून वाचतोय आणि म्हणतो, "ते आधीच मोडकं हुतं." सायकल जो पायडल बसवील त्याची.

कलम तिसरं. घोंगडी आई बनुबाईला. तिने माझ्यासाठी देवाला इतके उपास केले की आता तिलाच चक्कर येते.

कलम चौथं. राहीवहिनीला, म्हणजे दादांच्या बायकोला, माझं काहीही नाही. तिने डॉक्टरांनी दिलेल्या माझ्या गोळ्या चुलीत टाकल्या. म्हणाली, "गोळ्यांनी बाधा दबती, मग आतून खाती." हे मी मेल्यावरही विसरणार नाही.

कलम पाचवं, तांबडा कोंबडा. याचं सविस्तर लिहायला हवं, कारण माझं वाटोळं याच्यामुळे झालं. मला पहिला झटका आला तेव्हा देवरुष्याने उतारा सांगितला. कोंबडा विकत आणायचा, अंगावरून ओवाळायचा, शिवेवर सोडायचा आणि मागं न बघता घरी यायचं. दादांनी चिक्कूपणा केला आणि घरचाच कोंबडा ओवाळला. घरचा कोंबडा जाणार कुठं? पहाटे खुराड्यावर उभा राहून आरवत होता. देवरुषी म्हणाला, "घ्या, बाधा माघारी आली." तेव्हापासून मी गावात कायमचा झपाटलेला, आणि कोंबड्याला कापायची कोणाची छाती होईना म्हणून तो खाऊन माजलाय. त्याच्यावर कोणाचा हक्क नाही. त्याला पुन्हा कोणी ओवाळायचं नाही.

आज अमावस्या, म्हणून संध्याकाळी तोच कोंबडा चांगुणावरून ओवाळणार आहेत. शिवाय मिरचीची धुरी. ती धुरी मी घेतलेली आहे, नाकात अजून आहे.

सकाळी तिला आणायला निघालो. ट्रकच्या टपावर बसून मी कुठंही जातो, पण तिकडचा ट्रक मिळेना म्हणून एस.टी.त चढलो. दार लागलं आणि छाती सुरू झाली. रुईछत्तीसीला उतरलो. पाय टेकले, श्वास सोडला, लाट ओसरली, तोवर गाडी निघून गेली. पुढच्या गाडीत पाय घालवेना. माघारी आलो. सख्ख्या बहिणीला आज धुरी देणार आणि मी इथं कलमं पाडत बसलोय. असल्या शुद्धीचं करायचं काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही.

वर लिहिलं ते सगळं मला मान्य आहे, आणि दादांना मान्य नसलं तरी खरं आहे.

सही: कानिफनाथ सहादेव
साक्षीदार पहिला: सूर्यभान, पंक्चरवाला
साक्षीदार दुसरा: मिळाला नाही. चहावाला म्हणतो, येड्याच्या कागदावर नको.
केडगाव, तारीख ३ एप्रिल १९७३

सहीखाली लिहू नये म्हणतात, पण लिहितो. दुकानापुढे पुण्याकडे निघालेला एक ट्रक थांबला आणि टपावरून राहीवहिनी उतरली. एका काखेत तांबडा कोंबडा, दुसऱ्या हाताला धरलेली चांगुणा. पोरीचे केस विंचरलेले आहेत.

मी चांगुणाला बाकड्यावर बसवलं. वहिनीच म्हणाली, "काल पोर म्हनली, वैनी, मी नाटक करत न्हाई, मला उठताच येत न्हाई. तुमी बी आसंच म्हनायचा, भावजी. मी आयकलं न्हाई."

"आणि ह्यो कशाला आणला?"

"ह्यो तिथं ऱ्हायला तर तुमचं दादा परत ववाळतील. कागद काय लिहिताय? ठिवा त्यो. त्यो डाक्तर कुटं बसतो ते सांगा आधी."

कलम चौथं खोडलं. दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी वहिनीचा अंगठा घेतोय.