मानाचं हाड

कोकजार, ४ मार्च २००४

चि. जुमादिल यास बुर्माकानताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक, म्हणजे मेंढ्या ठीक आहेत. तुझा भाचा एर्मेक वकिलीची लाल पुठ्ठ्याची पदवी घेऊन दोन वर्षं घरात बसलाय. एवढ्याशा गावात नऊ वकील झालेत, पण जनावरांचा डॉक्टर एक नाही. परवा शेजारीण आजारी गाय त्याच्यापुढे उभी करून म्हणाली, एवढा शिकलायस तर बघ हिला काय होतंय. मी डोक्याला हात लावला.

त्यात गावचे कारभारी कोजोशआबा त्याला गावचा पाटकरी करतो म्हणतात. पाण्याच्या पाळ्यांवरून डोकी फुटतात, कायदा जाणणारा बरा, असं त्यांचं म्हणणं. खांद्यावर फावडं टाकून पाटापाटाने हिंडायला का शिकवला त्याला? मी आबांना चहा दिला, पण मुरंबा बाहेर काढला नाही.

वीस वर्षं राजधानीत काय माशा मारतोस? चिकटव त्याला कुठेतरी.

तुझी ताई

बिश्केक, १५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं घोड्याचं मांस साहेबांना एर्मेकच्या पदवीपेक्षा जास्त आवडलं. एक तारखेपासून त्याला कचेरीत घेतो म्हणाले. मात्र हातात कागद पडेपर्यंत गावभर करू नकोस. तुझं तोंड मला माहीत आहे.

मुरंबा माझ्यासाठी तरी काढत जा.

तुझा जुमादिल

कोकजार, २८ मार्च

चि. जुमादिल यास अनेक आशीर्वाद.

मी कुणाला एका शब्दाने बोलले नाही. फक्त मेंढी कापली. आता मेंढी कापल्यावर लोकांना बोलवायला नको? ऐंशी माणसं आली. कोजोशआबांनी एर्मेकला वरच्या जागी बसवून खुब्याचं मानाचं हाड स्वतःच्या हाताने दिलं, आणि पाटकऱ्याची जागा तिथल्या तिथे बेकबोलोतच्या मुलाला देऊन टाकली. तोही वकीलच! एर्मेकला आनंदाने घास उतरेना.

कागद कधी पाठवतोस?

तुझी ताई

बिश्केक, ६ एप्रिल

चि. एर्मेक यास अ. आ.

ताईला लिहायचा धीर होत नाही, म्हणून तुला लिहितो. जागा साहेबांच्या बायकोच्या भाच्याला गेली. ताईला गप्प बस म्हणालो होतो, पण आधी गप्प मीच बसायला हवं होतं. रागाव माझ्यावर.

तुझा मामा

कोकजार, १३ एप्रिल

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

रागावून काय करू? तुमचं पहिलं पत्र आलं त्याच सकाळी मी कोजोशआबांना हो म्हणून आलो होतो. गमबूटही घेतले होते, तबेल्यात गवताखाली लपवले होते. आईला कसं सांगावं ते जुळवत होतो, तोवर तिने मेंढी कापली.

हाड देताना आबा माझ्याकडे बघत थांबले होते. मी बोललो असतो तर त्यांनी जागा ठेवली असती. पण आई दोन वर्षांत पहिल्यांदा हसत वाढत होती. मी हाड घेतलं.

आता सगळ्या गावासमोर ते खाल्ल्यावर इथे राहता येत नाही. पुढच्या गुरुवारच्या बसने येतो. हमाली मिळाली तरी चालेल, फक्त जागा गेल्याचं आईला कळवू नका. साहेबांसाठी तिने पुन्हा मांस दिलंय, ते आपण दोघं खाऊ. मुरंबाही आहे.

गमबूट बेकबोलोतच्या मुलाला देऊन आलो. त्याला ते एक नंबर लहान होतात.

निदान बसथांब्यापर्यंत घ्यायला येण्याइतका तरी लोभ असू द्या.

तुमचा एर्मेक