निळ्या झाकणाची बरणी

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

मुलाकडे राहायला येऊन मला दोन महिने झाले आणि या घरात सगळ्यात चांगलं कोण खातं ते मला कळलं आहे. कचऱ्याचा डबा! कोबीचे दांडे, मटारची टरफलं, पावाच्या कडा, सगळं त्याच्या पोटात. अडीचशे मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर मी एकतीस वर्षं सांभाळलं. तिथे कचऱ्याची एक बादली भरायला दोन दिवस लागायचे. इथे माणसं तीन आणि डबा रोज ओसंडतो.

आल्याआल्या मी शिस्त लावली. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात तीन डबे: सालं, दांडे आणि पावाचे तुकडे. प्रत्येकावर लाल पेन्सिलीने तारीख. शनिवारी सालं आणि दांडे उकळून पाणी गाळून घ्यायचं, की आठवडाभराच्या सुपाची सोय झाली. तर सूनबाईंनी परवा काय करावं? भोपळ्याच्या सालांचा डबा अख्खा ओतून दिला. वर म्हणते, तिला वाटलं ते फेकायलाच ठेवलंय. तारीख घालून कोणी कचरा ठेवतं का? दवाखान्यात दिवसभर दात काढते, म्हणून घरातही दिसेल ते उपटून टाकायचं! मी एक शब्द बोलले नाही. फक्त जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर मी फ्रिजच आवरायला काढला. मागच्या कोपऱ्यात निळ्या झाकणाची एक बरणी निघाली. आत कालवलेलं पीठ, वर काळपट पाणी आणि असा आंबूस भपकारा की डोळ्यांत पाणी यावं. कधीपासून विसरली होती कोण जाणे. पण सरळ फेकून देईन तर मी कसली? पाणी ओतलं, पीठ कागदावर पातळ पसरून खिडकीत वाळवलं, चुरा केला. तो तुझ्या कोंबड्यांसाठी सोबत पाठवते आहे. बरणी मात्र नामी निघाली. तिच्यात संत्र्याची सालं आणि व्हिनेगर घालून ओट्यावर ठेवली आहे. पंधरा दिवसांनी त्या पाण्याने फरशी पूस आणि तोंड बघ.

आपल्या शाळेतल्या चष्मेवाल्या सिस्टर आठवतात ना? ताटलीत पावाची कड राहिली तर बाकावरून उठू द्यायच्या नाहीत. तेव्हा आपण त्यांच्या नावाने बोटं मोडायचो. आता वाटतं, त्यांना या घरात आठवडाभर आणून बसवावं.

दोन ओळी लिही. माझी माया आहेच, पण ती गृहीत धरू नकोस.

तुझी
ताई


ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पाकीट पोचलं. पोस्टमन ते नाकापाशी नेऊन विचारत होता, आत औषध आहे का. मी म्हटलं, बहिणीचं प्रेम आहे, वाळवलेलं. निम्मा चुरा कोंबड्यांना घातला. त्यांनी आधी तुझ्यासारखीच मान वाकडी करून संशयाने पाहिलं आणि मग फस्त केला. उरलेला डबीत ठेवलाय.

ताई, रागावणार असशील तर बसून वाच. तिने एक डबा फेकला म्हणून तू उपाशी राहिलीस. म्हणजे डबाही वाया आणि जेवणही वाया. सिस्टरनी तुला दोन दिवस बाकावर उभं केलं असतं. वसतिगृहातून निवृत्त झालीस ना? मग आता मुलाच्या घराची मेट्रन होऊ नकोस. तिथे करमत नसेल तर माझी मागची खोली रिकामीच आहे. पण भांडून येणार असशील तर येऊ नकोस. नांदून कंटाळलीस की ये.

तुझा लोभ, तुझ्या टोमण्यांसकट, मला हवाच आहे.

तुझी
धाकटी


ता. १२ फेब्रुवारी

ती. मावशींना सा. न. वि. वि.

पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. लग्नानंतर मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहिते आहे. घरात हे कोणाशी बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला त्रास देते.

माझी आई गेल्या वर्षी गेली, ते तुम्हाला माहीत आहे. ती घरीच पाव भाजायची. तिचं खमीर, म्हणजे पाव फुगवणारं आंबवलेलं पीठ, सत्तावीस वर्षांचं होतं, माझ्याहून तीनच वर्षांनी धाकटं. शेवटच्या आजारात तिने ते निळ्या झाकणाच्या बरणीत घालून माझ्या हातात दिलं. दर रविवारी थोडं पीठ आणि पाणी घाल, बाकी ते आपलं आपण जगतं, असं म्हणाली होती. ती गेल्यावर पाव भाजायला माझे हात धजले नाहीत. पण पीठ-पाणी घालत होते. मध्यंतरी कामाच्या गडबडीत दोन रविवार चुकले. गेल्या आठवड्यात पाहिलं तर बरणी ओट्यावर होती, स्वच्छ घासलेली, आत संत्र्याची सालं आणि बाहेर लाल पेन्सिलीने तारीख.

मी विचारलं नाही. आदल्याच दिवशी माझ्या हातून त्यांचा सालांचा डबा फेकला गेला होता आणि त्या जेवल्या नव्हत्या. आता बरणीचं विचारलं तर मी उट्टं काढते आहे असं त्यांना वाटेल. आणि त्यांनीच उट्टं काढलं असेल, हा विचार मला करायचा नाही, तरी तो येतो. रोज भांडी घासताना बरणी समोर असते. तुमच्या बहिणीला तुम्ही ओळखता. त्या असं मुद्दाम करतील का, एवढंच सांगा. त्यांना मात्र कळवू नका.

या घराइतकीच तुमचीही मी आहे, असं समजून माया करावी.

तुमची
सून


ता. १६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

आज चेष्टा नाही. सुनेचं पत्र सोबत आहे. तुला कळवू नका असं तिने लिहिलं होतं. मी तिचं ऐकत नाहीये, त्याचं पाप माझ्या माथी. आधी ते वाच, मग पुढे.

वाचलंस? डबीत उरलेला सगळा चुरा परत पाठवते आहे. चार चमचे असेल. आमच्या बेकरीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, चुलीवर किंवा भट्टीत वाळवलं असेल तर मेलं. खिडकीत वाळवलं असेल तर फक्त झोपलंय. कोमट पाणी, पीठ आणि धीर. पहिल्या दोन वस्तू तुझ्याकडे आहेत.

तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही. ते तुझं काम आहे.

राग आला तरी बहीण मीच आहे, हे लक्षात असू दे.

धाकटी


ता. २ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट दहाएक दिवसांपूर्वी दुपारी आलं. सुनेचं पत्र मी तीनदा वाचलं. भोपळ्याच्या सालांसाठी उपाशी राहणाऱ्या बाईने घरातली एकच जपून ठेवलेली वस्तू खराब म्हणून काढून टाकली. एकतीस वर्षांत हाताखालच्या एखाद्या मुलीने हे केलं असतं तर मी तिला काय काय बोलले असते! ते सगळं मोठ्याने म्हणून घेतलं, आरशासमोर.

एक मोह झाला. आधी गुपचूप जिवंत करावं आणि मग सांगावं. पण नाहीच झालं जिवंत, तर गप्प बसायची सोय ठेवण्यासारखं होतं ते. ती दारातून आली, पायातले जोडेही काढले नव्हते, तेवढ्यात सगळं सांगून टाकलं. ती रागावली. आधी विचारायचं तरी, म्हणाली. या घरात तिला आवाज चढवताना मी पहिल्यांदा ऐकलं. मग रडली. मग पुडी उघडून चुऱ्याचा वास घेतला आणि पीठ काढलं.

संत्र्याची सालं मी ओतून दिली. हो, मी. बरणी चारदा उकळत्या पाण्याने धुतली. तीन दिवस आत नुसती खळ. चिरंजीव म्हणाले, दवाखान्यात नेऊ या का? आम्ही दोघींनी मिळून त्यांना गप्प केलं; तेवढीच आमची एकी. चौथ्या दिवशी दवाखान्यात जाण्यापूर्वी तिने हाक मारली. टाचणीच्या डोक्याएवढा एक बुडबुडा. एवढ्याशा बुडबुड्याकडे बघत दोन शहाण्या बायका ओट्याशी उभ्या, आणि तिकडे दातदुखीवाले ताटकळत बसलेले.

काल तिने पाव भाजला. कापल्यावर पहिली कड मी सवयीने तुकड्यांच्या डब्याकडे नेत होते, तर तिने हात धरला. तिची आई ती कड गरम असतानाच ओट्याशी उभ्याउभ्या खायची, म्हणाली. आम्ही वाटून खाल्ली. चिरंजीवांना मिळाली नाही.

मागची खोली इतक्यात झाडू नकोस. सोबत एक पुडी आहे, ती कोंबड्यांपासून लांब ठेव. आमच्याकडे पुन्हा कोणाचा हात चुकला तर तुझ्याकडे असावं, म्हणून तिने थोडं खमीर वाळवलंय. पुडीवर तिने तारीख घातली आहे आणि खाली तिच्या आईचं नाव. लाल पेन्सिल माझ्याकडून मागून घेतली.

लोभ करतेस तसाच करत राहा. मला आता त्याची किंमत कळली आहे.

तुझी
ताई