डॉक्टरचा इलाज

चोमा, ४ ऑक्टोबर १९८१
चि. चूल्वे यास मुतिंताताईचे अनेक उ. आ.
लुसाकाला गेल्यापासून पत्र नाही. डॉक्टर होण्याआधीच भाव खायला लागलास की काय? बाबा तर गावभर तुला डॉक्टर म्हणूनच सांगत फिरतात. शेत साफ करताना आईच्या पायाला कुदळ लागली, पण हिंडते-फिरते आहे.
लोभ आहेच, तो वाढव.
मुतिंता

लुसाका, १९ ऑक्टोबर
ती. ताईस शि. सा. न.
तुला एकटीला सांगतो, मी डॉक्टरकी सोडली. प्रेतं फाडायच्या खोलीत रोज चक्कर यायची. प्राध्यापकांनी विचारलं, तुला आवडतं तरी काय? म्हटलं, दगड. आता भूगर्भशास्त्र शिकतोय, चाचणीत पहिला आलो. ताई, पहिल्यांदाच अभ्यासात जीव रमतोय. नाताळला आलो की बाबांना समोर बसून सांगेन. तोवर कुठे बोलू नकोस.
तुझ्या मायेच्या भरवशावर आहे.
चूल्वे

चोमा, ३ नोव्हेंबर
चि. चूल्वे यास अ. उ. आ.
दगडवेड्याला दगड मिळाले, बरं झालं. पण बाबांना आत्ताच कळव. आईचा पाय सुजलाय. मिशनच्या दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणते, पोटचा पोरगा डॉक्टर असताना परक्याला कशाला दाखवू? बाबाही तिचीच री ओढतात. मला भीती वाटते.
लोभ असू दे, उत्तरही असू दे.
मुतिंता

लुसाका, १२ नोव्हेंबर
ती. ताईस शि. सा. न.
परीक्षा तोंडावर आहे. आईला म्हणावं, मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवत जा, मी आलो की बघू.
रागावू नकोस, माया असू दे.
चूल्वे

चोमा, २ डिसेंबर
चूल्वे,
तार मिळूनही तू आला नाहीस. आईला काल माती दिली.
तुझं पत्र आल्यापासून बाबा सारखे पाणी तापवत होते. पाय काळा पडला तेव्हा मी बैलगाडी जुंपली, तर माझ्यावरच खेकसले, डॉक्टरचा इलाज चालू असताना तुला भारी अक्कल! तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. हे पाप माझंही आहे.
मामा तुझ्या नावाने बोटं मोडत होते. बाबांनीच त्यांना गप्प केलं. म्हणाले, पोरगं अजून शिकतंय, त्याला बोल लावू नका. मग मला म्हणाले, त्याला लिही, आता तरी मन लावून डॉक्टरकी शिक म्हणावं.
त्यांचा निरोप कळवला. लोभ उरला असेल तर नाताळची वाट पाहू नकोस, ये.
मुतिंता