उतारावरचं मौन

सोम. ३ नोव्हें.
पेट्रोल परत वाढलं. कर की सेस, जे काय असेल ते. बातमी ऐकली आणि आधी गायकवाडच आठवला. असता तर गाडीत बसता बसता म्हणाला असता, "वाढू दे जोशी. वाढल्याशिवाय माणूस जपत नाही." मग मी चिडलो असतो, आणि कंपनी येईपर्यंत भांडण पुरलं असतं. आता चिडायचं तरी कुणावर? पुढची डावी सीट रिकामी. लॅबच्या वैशाली मॅडमना सोनिवलीहून घेतो, त्या मागेच बसतात. पुढे या म्हटलं, नको म्हणाल्या.

मंगळ. ४
जोतीने विचारलं, ते तुमचं मौन मौन म्हणजे काय हो नक्की? सांगून टाकलं. एमआयडीसीत पाण्याच्या टाकीपासून खाली उतार आहे. तिथे किल्ली एक टक मागे घ्यायची. इंजिन बंद, गाडी आपली घरंगळत खाली. इंजिन बंद असलं की पायाचा ब्रेक दगड होतो आणि स्टिअरिंगला दोन्ही हात लागतात, म्हणून डाव्या सीटवरच्याने हातब्रेकवर हात ठेवून बसायचं. तो गायकवाड. हात ठेवायच्या आधी तळवा पँटला पुसायचा, घाम फार यायचा त्याला. आणि बोलायचं नाही कोणी. नियम त्याचा, नावही त्यानेच ठेवलेलं.
जोती म्हणाली, वेडे आहात तिघंही. मग तिच्या लक्षात आलं, गायकवाड यातच गेला ते. त्या दिवशी मॅडम रजेवर, मी पुण्याला ट्रेनिंगला. गायकवाड स्वतःची गाडी घेऊन एकटाच गेला. एकटा असूनही मौन केलं बाबाने. खाली ट्रेलर उभा होता.

शुक्र. ७
आज मौन केलं. पेट्रोल वाढलं म्हणून, असं मॅडमना सांगितलं. खरं कारण ते नव्हे. त्याची फार आठवण येते, बस.
पण एक गोष्ट पटत नाही. आधी गाडी वजनकाट्यापाशी थांबायची. आज पार कंपनीच्या गेटपर्यंत गेली. एवढा धिप्पाड माणूस कमी झाला, गाडी हलकी झाली, म्हणजे अलीकडे थांबायला हवी. वारा मागून असेल. नव्हता मागून. केमिकलचा वास समोरून येत होता.

सोम. १०
मौन, परत गेटपर्यंत. साहेबांची गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर आत झोपलेला, इंजिन चालू, एसी चालू. साहेब येईपर्यंत हे असंच. बाजूने शिफ्टवाल्यांची रिक्षा गेली, गॅस वाढल्यापासून पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना माणसं. हेच मी गायकवाडला सांगायचो की बाबा, तुझा कर जपायला लावतो तो यांना, त्यांना नाही. त्याचं आपलं ठरलेलं: "कर म्हणजे हातब्रेक, जोशी. ओढायचा नसतो. नुसता हात असावा लागतो."
मॅडम उतरताना पुढच्या सीटवर ठेवलेली पर्स घ्यायला वाकल्या. म्हणाल्या, सर, हातब्रेकवर पाणी सांडलंय का? बाटली मागे होती. माझ्या रुमालाने पुसलं. दव असेल. काचा बंद होत्या...

बुध. १२
पंपावर हवा भरणारा म्हणतो, "साब, गाडी लेफ्ट में बैठ रही है। कौन बैठा है आगे?" हसत होता. हवा बरोबर होती चारही चाकांत. गॅरेजला नेली, खाली घुसून पाहिलं, स्प्रिंग चांगली म्हणे.
परत येताना गाडीत मोठ्याने भांडलो. एकटाच. कर, साहेब, रिक्षा, सगळं काढलं. बरं वाटलं.

शुक्र. १४
मॅडम उद्यापासून शेअर रिक्षाने जाणार. कोंबून बसावं लागेल म्हटलं तर चालेल म्हणाल्या. कारण विचारलं. मग म्हणाल्या, "सर, इंजिन बंद झालं की पुढून श्वास ऐकू येतो. दोघांचा."
राग आला मला. एवढी शिकलेली बाई. मग दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

सोम. १७
एकटा होतो. करायला नको होतं, तरी केलं. वजनकाट्यातून टेम्पो अचानक मागे आला. पाय दाबला, दगड. दोन्ही हात स्टिअरिंगला. संपलं म्हटलं.
गाडी टेम्पोला टेकता टेकता थांबली. हातब्रेक वर होता. मी ओढला असेल. आठवत नाही. पण ओढला असणारच, दुसरं कोण?
ओला होता.
भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर, थँक्यू म्हणालो.

घरी ताट तसंच ठेवलं, जोतीला संशय आला. सगळं काढून घेतलं माझ्याकडून. रडली, मग भडकली. त्याला मातीत घालून समाधान झालं नाही का तुमचं, म्हणाली. मौन कायमचं बंद, तिची शपथ घातली. उद्या स्वतः गाडीत बसून येणार आहे कंपनीपर्यंत. पुढे, डावीकडे.

मंगळ. १८
जोती आली. खरवईपासून बडबड चालू होती, बाजार, गॅस, हिच्या तिच्या पोरीचं लग्न. मला गुंतवून ठेवायला, कळत होतं. टाकी आली. किल्लीला हात लावला नाही. इंजिन चालू, गिअरमध्ये, हळूहळू उतरत होतो. शपथ पाळली.
तरी तिचा भरवसा नव्हता. बोलता बोलता तिने हातब्रेकवर हात ठेवला. आणि वैतागून म्हणाली,
"अहो, हात काढा ना तुमचा. किती ओला आहे."
माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.
मग तिनेही पाहिलं. हात मागे घेतला, ओढणीला पुसला, पुसतच राहिली. गेटपर्यंत आम्ही दोघं बोललो नाही. वॉचमनने सलाम केला तोही तिला दिसला नाही.

संध्याकाळी म्हणाली, उद्यापासून रिक्षा. गाडी विकू. हो म्हटलं. हो म्हणण्यावाचून करणार काय.
बातम्यांत होतं, पेट्रोल आणखी वाढणार.
तिची पर्स पुढच्या सीटवर राहिली होती. खाली जाऊन घेऊन आलो. सीट मोकळी असलेली बरी.