दर्याने दिलेल्यांचे पाच गुंठे

मी भीमाबाई धर्मराज कोळी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार सारंगपाडा, तालुका पनवेल. हे माझं मृत्युपत्र. डोकं जागेवर आहे, कुणाचा धाक नाही. मी बोलतेय, माझी नात, हितेशची मुलगी पूर्वी, लिहून घेतेय.

१. राहतं घर मुलगा हितेश आणि मुलगी निशा यांना निम्मं-निम्मं. निशाने भावाला राखी बांधावी, हक्कसोडपत्रावर सही देऊ नये.

२. मासे कापायची विळी जाऊबाई कुमुदला. तीस वर्षं मागतेय. धार लावून देऊ नका, तिची जीभ पुरेल.

३. खाडीकाठचे पाच गुंठे. तिथे दफनभूमी आहे आणि क्रुसाचं छोटं देऊळ. सातबारा माझ्या नावे. सासऱ्यांच्या पणज्याने फुटलेल्या परदेशी गलबताचे सात खलाशी जाळ्यातून काढून तिथे पुरले. वाचलेला कप्तान वर्षाने परत आला आणि त्याच गलबताच्या फळ्यांनी देऊळ बांधून गेला. तेव्हापासून दर्याने दिलेला, ज्याला कुणी न्यायला येत नाही, तो तिथे. धर्म विचारायचा नाही. आज एकेचाळीस आहेत. प्रत्येकावर होडीच्या नांगराचा दगड.

खाडी दोनशे पावलं लांब. तरी उधाणाला देवळाच्या छताच्या फळ्या करकरतात, गलबत आत्ता निघेल अशा. साठ वर्षं ऐकतेय, अजून अंगावर काटा येतो. हात आपोआप जुळतात. कुणाला, ते विचारू नका.

हितेश म्हणाला, "आये, कंटेनर यार्डवाले जागा इकत मांगतान. कोन कुठले मेलेले, त्यांना पाच गुंठे?"

"तुला जिता असून घर पुरत नाय, आन त्यांना बोलतंस?"

"त्यांचं कोनी येतं का कदी?"

त्याचं उत्तर इथे लिहून ठेवते.

चौऱ्याऐंशी साली तुझा बाप करंजा बंदरातून मासेमारीला बोट घेऊन गेला. बोट मिळाली, तो नाही. तू चार वर्षांचा होतास. त्या देवळात मी एकच मागत आले: तो जिथे किनाऱ्याला लागला असेल, तिथे अशी जागा असू दे. कुणा बाईने त्याच्यावर दगड ठेवला असेल. तिची भाषा कुठली, देव कुठला, मला माहीत नाही.

वकील म्हणाले, "आजी, विकू नये ही अट कोर्टात टिकत नाही." मग अट नको. हे पाच गुंठे मी हितेशलाच देते.

हितेश, त्या बाईलाही मुलगा असेल. त्यालाही कुणी त्या जागेचा भाव सांगत असेल. त्याने जे करावं असं तुला वाटतं, ते तू कर.

ठिकाण: पनवेल
तारीख: ११ डिसेंबर २०२५

सही: भीमाबाई धर्मराज कोळी

आमच्यासमोर वाचून दाखवलं, आमच्यासमोर सही केली:
परेश म्हात्रे, शेजारी
प्रणित भोईर, शेजारी